ईदर ऑर सर्व्हायव्हर: मागे राहणाऱ्याचं क्रियापद

नवरा-बायकोचं संयुक्त खातं उघडताना अर्जावर एक चौकट भरावी लागते: खातं कोण चालवणार? काउंटरपलीकडून विचारणा होते, "ई ऑर एसच करू ना?" आपण मान डोलावतो, पेन्सिलीने फुली मारलेली असते तिथे सही करतो, आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर ती अक्षरं कायमची बसतात. ईदर ऑर सर्व्हायव्हर. ईदर म्हणजे दोघांपैकी कुणीही, एवढं समजतं. पण सर्व्हायव्हर? हा शब्द ऐकला की आठवतो तो भूकंपाच्या ढिगाऱ्यातून, बुडालेल्या बोटीतून किंवा मोठ्या दुखण्यातून जिवंत परतलेला माणूस. बचत खात्यावर असं कोणतं संकट येणार असतं?

संकट एकच, आणि ते नक्की येणारं: दोघांपैकी एकजण आधी जाणार. जो मागे राहील तो सर्व्हायव्हर. बँकेच्या अर्जावरचा हा अर्थ आपल्याला वकिली वाटतो, पण इंग्रजीत आधीचा तोच आहे. ढिगाऱ्यातून वाचलेला माणूस त्या शब्दात नंतर आला.

आता हे क्रियापद मराठीत चांगलंच रुळलंय. "एवढ्या पगारात मुंबईत सर्व्हाइव्ह कसं करायचं?", "पहिलं सेमिस्टर सर्व्हाइव्ह केलं की सुटलो." इथे अर्थ आहे तग धरणं, निभावून नेणं. यात चूक काही नाही. इंग्रजी बोलणारेही असंच बोलतात. 'कसं काय?' या प्रश्नावर आपण जसं 'चाललंय' म्हणतो, तसं तिकडे कुणी हसत 'सर्व्हायव्हिंग' म्हणतं. मात्र या वापरात शब्दाचा मूळ कणा दिसेनासा होतो. जगणं एकट्याने होतं. सर्व्हाइव्ह करायला दुसरं काहीतरी लागतं: आधी संपलेला माणूस, सरलेली आपत्ती, मोडलेलं राज्य. म्हणून सर्व्हाइव्ह ऐकलं की 'कशानंतर?' हे विचारून घ्यावं. बँक असो, कोर्ट असो की हॉस्पिटल, हा प्रश्न न विचारल्यामुळे बरेच गोंधळ होतात.

शब्दाची फोड सोपी आहे. लॅटिनमध्ये 'सुपेर' म्हणजे वर, पलीकडे आणि 'विवेरे' म्हणजे जगणे. दोन्ही जोडून 'सुपेरविवेरे', म्हणजे कुणाच्या पलीकडे जगणे. जुन्या फ्रेंचमध्ये सुपेरचं 'सुर' झालं. हे सुर आपल्याला रोज भेटतं: वीजबिलातला सरचार्ज, जमिनीचा सर्व्हे, नावापुढचं सरनेम, सगळीकडे तेच. सर्व्हे आणि सुपरवाइझ हे तर एकाच लॅटिन शब्दाचे दोन अवतार. एक फ्रेंचांच्या हातून घासून-पुसून आला, दुसरा थेट लॅटिनमधून उचललेला.

उरलेला अर्धा भाग आपल्या घरचाच निघतो. लॅटिनचा 'विव्' आणि संस्कृतचा 'जीव्' ही एकाच प्राचीन धातूची दोन रूपं आहेत. त्याच धातूची ग्रीक शाखा म्हणजे बायोलॉजीतला 'बायो', आणि फारसी शाखा म्हणजे 'जिंदा', 'जिंदगी', 'जिंदाबाद'. तोंडी परीक्षेला आपण 'व्हायवा' म्हणतो तो लॅटिन 'विवा व्होचे'चा तुकडा. अर्थ, जिवंत आवाजाने. इंग्रजी 'क्विक'सुद्धा याच घराण्यातला. आज त्याचा अर्थ झटपट, पण जुन्या इंग्रजीत तो जिवंत या अर्थाने चाले. सुपेरचा भाऊ संस्कृतात 'उपरि'. म्हणजे सर्व्हाइव्हचे दोन्ही अवयव संस्कृतात हजर आहेत, फक्त ते तिथे असे एकत्र आले नाहीत.

इंग्रजांकडे या अर्थाचा स्वतःचा शब्दही होता. जुन्या इंग्रजीत 'ओफरलिब्बान' असं क्रियापद सापडतं, शब्दशः 'ओव्हर-लिव्ह'. जर्मन माणूस आजही 'युबरलेबेन' म्हणतो, त्याचीही बांधणी तीच. मग फ्रेंच शब्द का घेतला? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, आणि पुढची काही शतकं दरबाराची नि न्यायालयाची भाषा फ्रेंच राहिली. १३६२ साली न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडावी असा कायदा झाला, तरी वकिलांची ती मोडकी फ्रेंच सुटता सुटली नाही. आपल्याकडे राज्य बदललं तरी तहसील कचेरीतले फारसी शब्द राहिलेच ना? दस्तऐवज, फिर्याद, मयत, हयात. इंग्रजांच्या कचेरीत तसे फ्रेंच शब्द राहिले. सर्व्हाइव्ह त्यांतलाच एक. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत दिसू लागतो, आणि दिसतो तो वारसाहक्काच्या भाषेत: अमक्याच्या मृत्यूनंतर तमका हयात असणे. नुसतं 'जिवंत राहणे' हा अर्थ त्याच्या मागोमाग आला.

वारशात या शब्दाला एवढं महत्त्व का, हे कळण्यासाठी जमिनीकडे बघावं लागतं. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात दोघांनी मिळून जमीन धारण करण्याची एक पद्धत होती, तिला जॉइंट टेनन्सी म्हणत. ती अजूनही आहे. तिच्यात दोघांचे वेगळे हिस्से नसतात. दोघं मिळून एकच मालक. त्यातला एक मेला तर त्याच्या मुलांना काही जात नाही. जो मागे राहिला तो आपोआप सगळ्याचा धनी. यालाच राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप म्हणतात. जमिनीचे तुकडे पडले की सरंजामदाराला देणं वसूल करताना दहा दारं फिरावी लागत, त्यामुळे जुन्या न्यायाधीशांनाही ही एकसंध मालकी सोयीची वाटे. यात मृत्युपत्राचाही उपयोग नाही. मरणाऱ्याने आपला हिस्सा कुणाला लिहून दिला तरी मरणाच्या क्षणी हिस्सा शिल्लकच नसतो, मग द्यायचं काय?

म्हणजे सर्व्हायव्हर ही आधी कायद्याने दिलेली जागा होती. नुसतं जिवंत असून ती मिळत नसे. मेलेल्याशी कायद्याने ओळखलेलं नातंही लागे. शेक्सपिअरच्या ज्या नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी मराठीत 'त्राटिका' केलं, त्यात लग्नाची बोलणी चालू असताना नवरदेव सासऱ्याला सांगतो की तिने मला सर्व्हाइव्ह केलं तर माझ्या सगळ्या जमिनी नि भाडेपट्टे तिचे. प्रेमाची भाषा यायच्या आधीच हिशेबाची आली, आणि त्या हिशेबातलं हे क्रियापद प्रेक्षकांपैकी कुणाला समजावून सांगावं लागलं नसणार.

हाच शब्द इंग्रज न्यायाधीशांबरोबर हिंदुस्थानात आला आणि इथल्या एकत्र कुटुंबाला चिकटला. माझ्या मते त्याच्या प्रवासातला सर्वांत मोठा टप्पा हाच आहे.

आपल्याकडे, बंगाल-आसाम सोडून बहुतेक देशात, वारशाची मिताक्षरा पद्धत चालत आली. मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका (विवरण) विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या काळात कल्याणीला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला लिहिली. या पद्धतीत एकत्र कुटुंबात जन्मलेल्या मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क. वाटणी होत नाही तोवर कुणाचा हिस्सा किती हे ठरलेलं नाही. घरात मुलगा जन्मला की बाकीच्यांचे कमी होतात, कुणी वारला की वाढतात. इंग्रज न्यायाधीशांनी हे पाहिलं आणि त्यांना आपल्याकडची सर्व्हायव्हरशिप आठवली. १८६३ साली शिवगंगा जमीनदारीच्या दाव्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानातल्या दाव्यांच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, हे तत्त्व स्पष्ट मांडलं: एकत्र कुटुंबातल्या सदस्याच्या मृत्यूनंतर सामायिक मिळकत उरलेल्यांकडे सर्व्हायव्हरशिपने जाते. मजा अशी की त्या दाव्यात जिंकली जमीनदाराची मुलगी. कारण जमीनदारी ही बापाची स्वकष्टार्जित, वेगळी मिळकत ठरली, म्हणून ती सर्व्हायव्हरशिपच्या तावडीतून सुटली.

वडिलोपार्जित मिळकतीत तसं होत नसे. समजा दोन भाऊ एकत्र राहतात, धाकटा वारतो, मागे त्याची पंचवीस वर्षांची बायको. ती धडधाकट आहे, पुढे चाळीस वर्षं जगणार आहे. शब्दकोश उघडला तर नवऱ्याला सर्व्हाइव्ह केलं ते तिने. पण कायद्याच्या लेखी सर्व्हायव्हर तिचा दीर! नवऱ्याचा हिस्सा दिराच्या हिश्शात मिसळला. तिच्या वाट्याला अन्नवस्त्र, म्हणजे पोटगी आणि राहायला जागा. महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांतून माजघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढलेल्या विधवा आत्या-काकूंच्या हकिकती ज्यांनी ऐकल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको. त्यामागे रूढी होती, तसाच हा कायद्याचा शब्दही होता. बंगालमधल्या दायभाग पद्धतीत ही सर्व्हायव्हरशिप नव्हती. तिथे निपुत्रिक भावाचा हिस्सा त्याच्या विधवेकडे जाई. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे चित्र आणखी निराळं: वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबरच नवरा-बायको एकूण मिळकतीचे अर्धे-अर्धे धनी होतात, तेव्हा नवरा गेला तरी बायकोचा अर्धा भाग मुळातच तिचा.

ब्रिटिश हिंदुस्थानात यावर पहिला ठोस घाव घातला तो मुंबईच्या एका डॉक्टरांनी. गोपाळराव देशमुख पेशाने सर्जन, आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद. त्यांच्या प्रयत्नांतून १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला; वकील त्याला अजूनही 'देशमुख अ‍ॅक्ट' म्हणतात. त्याने एकत्र कुटुंबात मेलेल्या माणसाचा हिस्सा दिराकडे जायच्याऐवजी विधवेच्या हाती ठेवला. पूर्ण मालकीने नव्हे. तिच्या हयातीपुरता, आणि ठरावीक कारणांशिवाय विकता न येणारा. पूर्ण मालकी मिळाली १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. त्या कायद्यात सर्व्हायव्हरशिप राहिलीच, फक्त मृताच्या मागे आई, बायको, मुलगी अशी जवळची स्त्री वारस असेल तर सर्व्हायव्हरशिप बाजूला पडायची. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना जन्मतः हक्क दिला. आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी मुलासारखीच सहदायाद, म्हणजे जन्मतःच हिस्सेदार, झाली. त्याच दुरुस्तीने साफ लिहिलं की यापुढे मिताक्षरा कुटुंबातल्या हिंदूचा हिस्सा सर्व्हायव्हरशिपने जाणार नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्कानेच जाईल. दीडशे वर्षं घरोघरच्या विधवांना नडलेला शब्द एका कलमाने बाहेर काढला. मराठी कायद्याच्या पुस्तकांत त्याला 'उत्तरजीवित्व' म्हणतात. मागाहून जगणं; भाषांतर जड आहे, पण चोख आहे.

कायद्यातलाच आणखी एक भाग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कुणी कुणाला सर्व्हाइव्ह केलं हे कळलंच नाही तर? गाडी दरीत गेली, घर कोसळलं, दोघंही गेले. आधी कोण, कुणास ठाऊक. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१ ने याचं उत्तर देऊन ठेवलंय: उलट पुरावा मिळत नाही तोवर, वयाने लहान असलेला मोठ्यानंतर मेला असं धरायचं. इंग्लंडमध्येही १९२५ पासून असाच नियम आहे.

हे पुस्तकी वाटेल, पण एक उदाहरण घ्या. दोन भाऊ आणि एक बहीण, आईवडील हयात नाहीत. थोरला भाऊ अविवाहित, त्याचा स्वतःचा फ्लॅट, मृत्युपत्र नाही. धाकट्याला बायको-मुलं. दोघं भाऊ एका अपघातात जातात. धाकटा आधी गेला असेल तर थोरल्याचा अख्खा फ्लॅट बहिणीचा. थोरला आधी गेला असेल तर अर्धा बहिणीचा, अर्धा धाकट्याचा. आणि त्या धाकट्याने तो भले दोनच मिनिटं उपभोगला असेल, त्याच्यामागे ती अर्धी मालकी त्याच्या बायको-मुलांची. कलम २१ मुळे इथे दुसरी शक्यता खरी धरली जाते. अर्धा फ्लॅट कुणाचा हे कागदावरच्या त्या दोन मिनिटांवर ठरतं. सर्व्हाइव्ह करणं म्हणजे किती काळ जगलात हे नव्हे, कुणानंतर जगलात हे. याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता पासबुकाकडे. ईदर ऑर सर्व्हायव्हर लिहिलं असेल तर दोघं असेपर्यंत कुणीही एक सही करून व्यवहार करू शकतं, आणि एक गेला की उरलेल्याला बँक पैसे देते. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिलं नाव ज्याचं तोच हयातभर खातं चालवणार. दुसऱ्याचा नंबर तो गेल्यावरच. म्हातारपणी मुलाचं नाव खात्याला जोडायचं, पण व्यवहार स्वतःच्या हाती ठेवायचे, अशांसाठी हा प्रकार. आणि नॉमिनीचा संबंध येतो सगळे खातेदार गेल्यावर. एक खातेदार हयात असेल तर नॉमिनीने काउंटरवर जाऊन उपयोग नाही.

पुष्कळांची समजूत असते की सर्व्हायव्हर म्हणजे पैशांचा मालक. तसं नाही. बँकेने सर्व्हायव्हरला पैसे दिले की बँक जबाबदारीतून मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ. रिझर्व्ह बँकेने २००५ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं होतं की हे पैसे त्याला कायदेशीर वारसांचा विश्वस्त म्हणून मिळतात, हे त्याला स्पष्ट सांगा. म्हणजे मृताच्या वाट्यावर ज्यांचा वारसाहक्क आहे ते त्याच्याकडे मागू शकतात. भावंडांत अबोला धरायला एवढा गैरसमज पुरतो. इंग्लिश जमिनीच्या कायद्यातल्या सर्व्हायव्हरला मालकी मिळत होती, बँकेतल्या सर्व्हायव्हरला पैसे उचलायचा अधिकार मिळतो. शब्द एक, वजन वेगळं.

या शब्दाचं व्याकरणही त्या मूळ अर्थाला धरून आहे, आणि आपली इंग्रजी तिथेच अडखळते. सर्व्हाइव्ह सकर्मक चालतं. महादजी शिंदे पानिपतातून वाचले, हे आपण '-तून' लावून सांगतो. इंग्रजीत तो प्रत्यय नेताना 'सर्व्हाइव्ह्ड फ्रॉम पानिपत' असं होऊन जातं. बरोबर आहे नुसतं 'सर्व्हाइव्ह्ड पानिपत': पानिपत हे कर्म, ते संपलं, महादजी त्याच्यापुढे जगले. मराठीत वाचणं म्हणजे संकटातून बाहेर येणं. इंग्रजीत संकटाच्या पलीकडे जगणं. मृत्युलेखात 'ही इज सर्व्हाइव्ह्ड बाय' असा कर्मणी प्रयोग येतो, तो पाहून काहींना वाटतं की बायकोने वाचवलं! आपण तिथे 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' लिहितो. 'पश्चात' हा एकच शब्द 'सर्व्हाइव्ह्ड बाय'चं सगळं काम करतो. याउलट निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो तो हयातीचा दाखला. तिथे 'कुणानंतर' हा प्रश्नच नाही, नुसतं हयात असणं पुरतं; म्हणून इंग्रजीत तो लाइफ सर्टिफिकेट आहे. मनी-बॅक विम्यात ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या रकमेला मात्र सर्व्हायव्हल बेनिफिट म्हणतात, कारण ती तारीख ओलांडून तुम्ही जगलात.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द वकिलांच्या हातून शास्त्रज्ञांच्या हाती गेला. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द डार्विनचे मानले जातात, पण ते घडवले हर्बर्ट स्पेन्सरने, डार्विनचं पुस्तक वाचल्यावर, १८६४ साली. डार्विनसारखीच उत्क्रांतीची कल्पना स्वतंत्रपणे मांडणाऱ्या वॉलेसने १८६६ साली डार्विनला पत्र लिहून ते स्वीकारायचा आग्रह केला, कारण डार्विनची 'नैसर्गिक निवड' म्हटलं की निवडणारा कुणी बसलाय असं लोकांना वाटतं. १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने ते घेतले. मराठीत त्याचा अर्थ सर्रास 'बळी तो कान पिळी' असा लावला जातो, तो दोन्ही शब्दांत चुकतो. फिटेस्ट म्हणजे पैलवान नव्हे; आपण चप्पल 'फिट बसली' म्हणतो तो फिट, परिस्थितीला जुळणारा. आणि सर्व्हायव्हल म्हणजे त्या एका जिवाचं दीर्घायुष्यही नव्हे. सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी सात-आठ वर्षं नुसती पानांवर वाढते, मग एका पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर जांभळे करते, बी धरते आणि मरते. त्या झुडपाला विचाराल तर ते सर्व्हाइव्ह झालं नाही. पण त्याची वाळलेली बोंडं पुढच्या पावसात फुटतात, बी सांडतं, आणि कारवी उतारावर राहते. इथे 'कशानंतर'चं उत्तर पिढीनंतर पिढी असं द्यावं लागतं.

हॉस्पिटलात हा शब्द आकडा घेऊन येतो. कर्करोगाच्या संदर्भात 'फाइव्ह इयर सर्व्हायव्हल अमुक टक्के' असं वाचून घरचे दोन टोकांच्या चुका करतात: एक, रुग्णाकडे पाचच वर्षं आहेत, दोन, पाच वर्षं गेली की रोग गेला. दोन्ही त्या आकड्यात नाही. निदान झालेल्या शंभरांपैकी पाच वर्षांनी किती हयात होते, एवढंच तो सांगतो. त्यांतले काही पूर्ण बरे असतील, काहींचे उपचार चालू असतील. आणि 'कशानंतर?' विचारलं की आकड्याची दुसरी बाजू दिसते. मोजणी सुरू होते निदानापासून. समजा एकाच रोगाने दोघं सत्तराव्या वर्षी जातात. एकाला त्रास होऊ लागल्यावर सदुसष्टाव्या वर्षी कळलं, दुसऱ्याला तपासणी शिबिरात चौसष्टाव्या वर्षी. पहिला पाच वर्षांच्या यादीत नाही, दुसरा आहे. दोघांचं आयुष्य तेवढंच. फक्त घड्याळ लवकर सुरू झालं. लवकर निदान वाया जातं असा याचा अर्थ नाही, कित्येक रोगांत त्याने खरोखर जीव वाचतात. पण नुसता सर्व्हायव्हलचा आकडा वाढला म्हणून उपचार सुधारले असं म्हणता येत नाही. मृत्यूंचं प्रमाण घटलं का, तेही बघावं लागतं.

सर्व्हायव्हरकडे बघताना होणारी आणखी एक चूक संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्डच्या नावाने प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातल्या युद्धविषयक संख्याशास्त्र गटात होता. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत याच्या नोंदी होत्या. सहज सुचणारी गोष्ट म्हणजे जिथे भोकं जास्त तिथे चिलखत जाड करावं. वाल्डने १९४३ साली हिशेब मांडला तो उलट बाजूने: ही विमानं परतली आहेत, म्हणजे इथे गोळ्या लागूनही विमान परतू शकतं. ज्या जागी भोकं दिसत नाहीत, तिथे लागलेली विमानं परतलीच नाहीत. लाल ठिपक्यांचं जे विमान सगळीकडे फिरतं ते चित्र मागाहून कुणी समजावण्यासाठी काढलेलं आहे; वाल्डने मांडली होती रूक्ष गणितं. यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती वाचून 'कॉलेज सोडलं की माणूस मोठा होतो' असं ज्याला वाटतं, तो परतलेल्या विमानांचीच भोकं मोजत असतो. भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी आलेला वाल्ड डिसेंबर १९५० मध्ये पत्नीसह नीलगिरीत विमान अपघातात गेला. त्या विमानातलं कुणीच वाचलं नाही.

गेल्या चाळीसेक वर्षांत सर्व्हायव्हर ही लोकांनी स्वतःहून घेतलेली ओळख झाली आहे. अमेरिकेतले डॉक्टर फिट्झह्यू मुलन स्वतः कर्करोगाचे रुग्ण होते. बरा झालेला आणि न झालेला अशी सरळ विभागणी आपल्या अनुभवाशी जुळत नाही, असं त्यांनी १९८५ साली लिहिलं. पुढच्या वर्षी तिथे रुग्णांची जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली तिने ठरवलं की निदान झाल्या दिवसापासून माणूस सर्व्हायव्हर. पाच वर्षं थांबायचं नाही. लैंगिक अत्याचार किंवा अ‍ॅसिड हल्ला झालेल्या स्त्रियाही 'व्हिक्टिम' नको, सर्व्हायव्हर म्हणा असं सांगतात, आणि मराठी पत्रकार आता 'पीडिता' लिहिताना थबकतात. पर्याय सोपा नाही. 'वाचलेली' म्हटलं की नशिबाने वाचली असं ऐकू येतं, 'उत्तरजीवी' कुणाला कळत नाही, म्हणून बातमीत बहुधा इंग्रजी शब्दच देवनागरीत छापला जातो. कोर्टाच्या कागदात मात्र अजून व्हिक्टिमच आहे, आणि त्याला कारण आहे: फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात २००९ पासून व्हिक्टिमची व्याख्या आहे आणि अपिलाचा नि नुकसानभरपाईचा हक्क त्या नावाला जोडलेला आहे. तेव्हा वकिलाने अर्जात तो शब्द वापरला तर रागावू नये. बाईंना हाक मारताना तो वापरायची मात्र काही गरज नाही.